मिसेस क्रॅब्ट्रींच्या अंगणातली वाट

क्रॅगशॉ, यॉर्कशायर
शनिवार, ३ ऑक्टोबर १९९८

प्रिय डोरा आत्या,

मागच्या पत्रात मी तुला एक गोष्ट चुकीची लिहिली, ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की घराला स्वतःची दगडी वाट आहे, दोन्ही कडांना फर्न उगवलंय आणि तिच्यावरून चढताना आपल्याच घरी आल्यासारखं वाटतं. फर्न आहे. दगडही आहेत. आपल्या घरी आल्यासारखं वाटलं हेही खरं. पण वाट घराची नाही. खालच्या घरात राहणाऱ्या मिसेस क्रॅब्ट्रींची आहे. मी तिच्यावरून चालले, म्हणून ती घराचीच असणार असं धरून चालले आणि तसंच तुला कळवून मोकळी झाले. बर्फामुळे शाळा गाठता यायची नाही म्हणून तू मला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून शिकवायचीस, तेव्हा म्हणायचीस की 'मला दिसलं' आणि 'आहे' यांच्यामध्ये एक ओळ कोरी सोडावी. मी सोडली नाही. माफ कर.

हे मला कळलं माझ्या वकीलबाईंकडून. त्यांचं नाव मिसेस लम. घरखरेदीचीच कामं करतात, ऑफिस बेकरीच्या वर आहे, त्यामुळे तिथली सगळी वाईट बातमी ताज्या पावाच्या वासात ऐकावी लागते. त्यांनी मालकीची कागदपत्रं टेबलावर पसरली आणि पेन्सिलीनं दाखवलं. हे रस्त्यावरून आत येणारं मिसेस क्रॅब्ट्रींचं अंगण. ही त्यातून वर जाणारी वाट. हे वरचं मिस्टर बॅरक्लफचं घर, म्हणजे जे मी घेतेय ते. मागे सरळसोट कडा.

"या वाटेवरून जायचा हक्क कागदात कुठंच नाही," त्या म्हणाल्या.

"पण मिस्टर बॅरक्लफ सदतीस वर्षं त्यावरूनच जातायत."

"ते जातील हो. त्यांनी घर रोखीनं घेतलं होतं, गिरणीच्या मालकाकडून, हातात हात देऊन. तुम्हाला कर्ज काढायचंय. उद्या तुमचे हप्ते थकले, तर बँकेला हे घर विकावं लागेल. ज्या घरापर्यंत जायला हेलिकॉप्टर लागतं, त्यावर बँक कर्ज देत नाही."

मग त्यांनी उपाय सांगितला. मिस्टर बॅरक्लफनी शपथेवर लिहून द्यायचं की वीस वर्षांहून जास्त काळ आपण या वाटेनं उघडपणे, कुणाशी भांडण न करता आणि कुणाची परवानगी न घेता जात आलो. तसं असलं तर वहिवाटीनं हक्क आपोआप तयार होतो.

"परवानगी घेतली असेल तर?" मी विचारलं.

"मग हक्क तयार होत नाही. आपला कायदा असाच आहे, मिस हॅलस. विचारून चाललात तर तुम्ही पाहुणे. न विचारता चालत राहिलात तर हक्कदार."

आत्या, मला हे विचित्र वाटलं. पण त्याहून वाईट पुढे आहे. मी दुसऱ्यांदा घर बघायला गेले होते, तेव्हा मिस्टर बॅरक्लफनी चहा पाजताना सहज सांगितलं होतं की दर वर्षी पाच नोव्हेंबरला, गावोगाव शेकोट्या पेटतात त्या रात्री, ते पार्किनचा डबा भरून खाली मिसेस क्रॅब्ट्रींना नेऊन देतात. "वाटेबद्दल," असं म्हणाले. मी तेव्हा म्हटलं, किती छान.

ओट्स, काकवी आणि आलं घातलेला केक ही परवानगी होते का? मिसेस लमना मी अजून काही सांगितलेलं नाही. घर मला हवंय. इतकं हवंय की दुकानात लोकांना चष्मे लावताना मी त्यांच्या नाकाऐवजी त्या खिडक्यांचा विचार करते. तू काय म्हणतेस?

तुझी,
फीबी

*

हाय बर्क फार्म, स्वेलडेल
बुधवार, ७ ऑक्टोबर

फीबी, माझ्या लाडक्या काळजीखोर,

पार्किन हा केक असतो. कुणी मला केक आणून दिला तर मी त्याला चहा देते, जमीन देत नाही. झालं उत्तर.

आता तू म्हणशील, आत्या, तूच मला खरं बोलायला शिकवलंस. शिकवलं. पण हेही शिकवलं होतं की जेवढं विचारलंय तेवढंच उत्तर द्यावं. तुला आठवतं का, तुझा घरचा अभ्यास तपासायला आलेल्या साहेबांनी विचारलं होतं, 'इथे अभ्यास किती वाजता सुरू होतो?' आणि तू सांगितलंस, 'नऊ वाजता, पण मंगळवारी आत्याचे केस धुवायचे असतात म्हणून दहा वाजता, आणि मेंढ्या विणीला आल्या की होतच नाही.' त्या माणसाचा चेहरा मी मरेपर्यंत विसरणार नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं की हे पोर घर घ्यायला निघालं की वकिलांना घाम फोडणार.

तरीपण तू म्हणतेस तर नीट बघू. तुझ्या पत्रात एक शब्द आहे 'वाटेबद्दल'. तो मला आवडला नाही. म्हातारा नेमकं काय बोलतो आणि ती बाई नेमकं काय उत्तर देते, हे त्याला शब्दशः विचार आणि मला लिही. अंदाजपंचे नको. आणि त्या पेन्सिलवाल्या वकीलबाईंसमोर तोवर तोंड उघडू नकोस.

इथे मेंढ्यांचा बाजार झाला. मी एक नर घेतला. दिसायला आपल्या जुन्या पाद्रीबाबांसारखा आहे, फक्त जास्त तरतरीत. कुत्र्यानं त्याला पाहून टेबलाखाली मुक्काम केलाय. ज्या घराला फर्न आहे ते घर हातचं घालवू नकोस.

तुझी आत्या,
डोरा

*

क्रॅगशॉ
सोमवार, १२ ऑक्टोबर

प्रिय डोरा आत्या,

शब्दशः विचारून आले. तू सांगितलंस म्हणून घरी येताच लिहून काढलं, म्हणजे माझ्या आठवणीनं त्याला मुलामा द्यायच्या आत.

मी म्हटलं, "मिस्टर बॅरक्लफ, तुम्ही पहिल्यांदा पार्किन नेलंत तेव्हा काय झालं?"

"एकसष्ट साल," ते म्हणाले. "आमची मेव्हिस म्हणाली, लोकांच्या अंगणातून असं मुकाट्यानं जायचं म्हणजे चोरासारखं वाटतं. जा, विचारून ये. मग गेलो डबा घेऊन. तेव्हा क्रॅब्ट्री जिवंत होता. म्हणाला, 'पुढच्या शेकोटीपर्यंत चाला.' पुढच्या शेकोटीला परत गेलो. परत म्हणाला, 'चाला.' तो गेल्यावर आता ती म्हणते."

"म्हणजे तुम्ही दर वर्षी परवानगी मागता."

"छे! परवानगी कसली? केक देतो."

"आणि त्या काय म्हणतात?"

"'बरं, आणखी एक वर्ष.'"

"आणि एखाद्या वर्षी त्या नाही म्हणाल्या तर?"

त्यांनी कप खाली ठेवला. "पोरी, ती नाही म्हणाली तर मी तिच्या अंगणातून जाईन होय? मला काय रानटी समजलीस?"

आत्या, याहून स्पष्ट परवानगी कशी असते? त्यांच्या वकिलानं तयार केलेलं प्रतिज्ञापत्र तिथेच चिमण्यांच्या दाण्यांच्या पिशवीखाली पडलं होतं. 'कोणाचीही परवानगी न घेता', असं त्यात लिहिलंय. ते सही करायला अगदी आनंदानं तयार आहेत. म्हणाले, "परवानगी असती तर कागद नसता का? ही तर माणुसकी झाली." ते खोटं बोलत नाहीत. त्यांना खरंच तसं वाटतं. पण मला तसं वाटत नाही, आणि त्यांच्या सहीवर विसंबून राहणारी मी असणार.

मग तुझी आज्ञा मोडून मी मिसेस लमकडे गेले. बसल्याबरोबर म्हटलं, "मिस्टर बॅरक्लफ दर वर्षी..." तेवढ्यात त्यांनी हात वर केला. रहदारीच्या पोलिसासारखा.

"वाक्य पुरं करण्याआधी ऐका. मी तुमची वकील आहे आणि तुमच्या बँकेचीही. या कामात तशीच पद्धत आहे. तुम्ही जे सांगाल ते मला बँकेला कळवावं लागेल. आता हवं तर पुरं करा."

मी पुरं केलं नाही. 

हात खाली घेत त्या म्हणाल्या, "मला ते प्रतिज्ञापत्र तसंही आवडलेलं नाही. दुसरा मार्ग आहे. विमा. पुढे कुणी वाट अडवली तर कंपनी भरपाई देते, बँकेचं समाधान होतं, हप्ता विकणारा भरतो. अट एकच. त्या वाटेबद्दल जमिनीच्या मालकाशी कुणी बोललेलं नसावं. म्हणून तुम्ही, तुमच्या मैत्रिणी, तुमचा दूधवाला, कुणीही मिसेस क्रॅब्ट्रींशी वाटेचा विषय काढायचा नाही. एकदा का कुणी विचारलं, की कुठलीच कंपनी दारात उभं करणार नाही."

घरी जाताना मी घर परत एकदा बाहेरून बघायला गेले. मिसेस क्रॅब्ट्री अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होत्या. त्या म्हणाल्या, "गुड मॉर्निंग." आत्या, मी उत्तर दिलं नाही. उत्तरानंतर काहीतरी बोलणं होईल, बोलण्यात वाट येईल आणि विमा जाईल, असं सगळं एका क्षणात डोक्यात आलं. मी ढगांकडे बघत उभी राहिले. त्या पुन्हा म्हणाल्या, जरा मोठ्यानं. मी वळले आणि उतारावरून जवळजवळ पळाले. आयुष्यात इतक्या उद्धटपणे मी कधी वागले नव्हते, आणि तेही वकिलाच्या सल्ल्यानं.

विम्याचा अर्ज आता माझ्यासमोर आहे. त्यातला प्रश्न साधा आहे: 'वाटेच्या वापराबाबत जमिनीच्या मालकाशी कोणी संपर्क साधला आहे काय?' मला वाटतं, तो पार्किनचा डबा दर वर्षी संपर्कच साधतो. पेन हातात घेते आणि टोपण लावून परत ठेवते. मिस्टर बॅरक्लफना समुद्राकाठी, स्कारबरोला, त्यांच्या मुलीजवळ फ्लॅट मिळालाय आणि तो कायमचा थांबणार नाही. मला नुसतं 'शहाण्या मुलीसारखी वाग' म्हणू नकोस, नेमकं काय करू ते सांग.

तुझी,
फीबी

ता. क. मी मिसेस क्रॅब्ट्रींशी बोलले नाही, हे खरं आहे. पण दोनदा 'गुड मॉर्निंग' ऐकलं. ऐकणं धरतात का?

*

हाय बर्क फार्म
गुरुवार, १५ ऑक्टोबर

फीबी,

खुर्चीत बस. बसलीस? चहा घे.

तुझं पत्र आज टपालगाडीनं आलं. इथे गाडी मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी येते आणि दुपारी आमचं टपाल घेऊन परतते, हे तुला माहीत आहे. मंगळवारी त्याच गाडीत मी एक पत्र टाकलं. मिसेस क्रॅब्ट्रींना.

तुझं पहिलं पत्र मला स्वस्थ बसू देईना. मला वाटलं, दोन म्हाताऱ्या बायकांनी सरळ बोलावं, वकिलांची गरजच काय. पत्ता शोधायला डोकं लागलं नाही, रस्ता तोच, घर खालचं. पाच पानं लिहिली. त्यात विचारलं की बाई, माझी भाची तुमच्या वरचं घर घेतेय, स्वभावानं सरळ आहे, जरा जास्तच सरळ आहे, तिला तुमच्या वाटेवरून कायमचं जाऊ द्याल का? कोंबड्यांबद्दलही विचारपूस केली. म्हणजे तुझ्या वकीलबाईंनी जे जे करू नका म्हणून सांगितलं, ते ते मी तुझं पत्र यायच्या दोन दिवस आधी, नीट परिच्छेद पाडून केलं.

तुला तोंड उघडू नकोस म्हणून बजावणारी मीच. हसू नकोस. हसलीस तरी चालेल.

आता ऐक, घाबरू नकोस. बाईचं उत्तर आलेलं नाही. माझं अक्षर तू जाणतेस, कदाचित तिला ते वाचताच आलं नसेल. कदाचित चूल पेटवायला वापरलं असेल. हे फक्त तुला, मला आणि टपालवाल्याला माहीत आहे, आणि टपालवाल्याला फक्त पाकीट माहीत आहे. तू तो अर्ज भरलास तर या जगात तुला विचारायला कुणी येणार नाही. मी तुला भर म्हणत नाही. भरू नकोसही म्हणत नाही. पहिल्यांदाच तुला काही सांगायला मला जीभ उचलवत नाही.

नवा मेंढा कुंपणातून पळाला. मला त्याचा राग आला नाही. कुणीतरी माझ्याहून जास्त गोंधळ घातला, याचं बरं वाटलं.

डोरा आत्या

*

क्रॅगशॉ
सोमवार, १९ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

मी रागावले नाही. तुझं पत्र वाचून आधी जिन्यात बसले आणि मग हसले. तू परिच्छेद पाडलेस हे वाचून जास्त.

अर्ज भरला नाही. शुक्रवारी मिसेस लमकडे गेले आणि म्हटलं, "मागच्या वेळचं वाक्य पुरं करायला आलेय." त्या म्हणाल्या, "अरे देवा." मी सगळं सांगितलं. पार्किन, एकसष्ट साल, 'आणखी एक वर्ष', आणि तुझी पाच पानं. 'गुड मॉर्निंग'सुद्धा.

त्यांनी पेन्सिल कागदावर आपटली. मग म्हणाल्या, "लपवणारी गिऱ्हाइकं मला सवयीची आहेत. आडवळणानं सांगणारीही. पण स्वतःबरोबर आत्यालाही पकडून देणारं गिऱ्हाईक पहिल्यांदा पाहतेय."

"आता काय होईल?"

"प्रतिज्ञापत्र गेलं. विमा गेला. आता राहिला तो सरळ मार्ग. मिसेस क्रॅब्ट्रींनी दस्त करून द्यायचा, की या घरात जो राहील त्याला या वाटेनं जायचा कायमचा हक्क आहे. तो दस्त नोंदवला की बँक कर्ज देते, आणि खरं सांगू, तिन्हींत चांगला कागद तोच. फक्त एक अडचण आहे."

"कोणती?"

"त्या नाही म्हणू शकतात. आणि का, हेही सांगायला त्या बांधील नाहीत."

त्यांनी दस्ताचा मसुदा आजच टपालानं मिसेस क्रॅब्ट्रींकडे पाठवलाय, सोबत रीतसर पत्र जोडून. मी ते पत्र वाचलं. त्यात 'उपरोक्त मिळकत' इतक्या वेळा आलंय की मलाच आपण काही गुन्हा केल्यासारखं वाटलं.

मिस्टर बॅरक्लफना मी स्वतः जाऊन सांगितलं. दुसऱ्याकडून कळणं बरं दिसलं नसतं. ते लाल झाले.

"सदतीस वर्षं!" ते म्हणाले. "सदतीस वर्षं कुणाला काही अडचण नव्हती. तू आलीस आणि माझ्या केकचा खटला केलास!"

"मी खटला केला नाही हो. मला खोट्यावर सही करता येईना."

"खोटं कसलं? मी खोटारडा आहे का?"

"नाही. तुम्ही फार सभ्य आहात, तीच तर अडचण झाली."

यावरही ते विरघळले नाहीत. म्हणाले, लीड्सचा एक माणूस बुधवारी, अठ्ठावीस तारखेला, घर बघायला येतोय. रोख देणार. कर्ज नाही, बँक नाही, वकील असला तर झोपाळू. मी म्हटलं, त्यालाही वाटेचा हक्क मिळणार नाही. ते म्हणाले, "त्याला हक्क नकोय, त्याला देखावा हवाय." आणि मग, मला दारापर्यंत सोडताना, हळू आवाजात म्हणाले, "पोरी, मला तूच यायला हवी होतीस. पण स्कारबरोचा फ्लॅट माझ्यासाठी थांबणार नाही. मंगळवारपर्यंत काय ते कळव."

येताना मिसेस क्रॅब्ट्रींच्या अंगणातून उतरले. त्या खिडकीत होत्या. या वेळी त्यांनी 'गुड मॉर्निंग' म्हटलं नाही. नुसतं पाहिलं. मी मान हलवली, पण तोवर त्यांनी पडदा ओढला होता. मला वाटतं, तुझ्या पत्रानं त्या संतापल्या आहेत आणि दस्तानं आणखी संतापतील. मी आता दिवसभर मनात दुसरी घरं बघते. सगळ्यांना स्वतःची वाट आहे आणि एकही आवडत नाही.

तुझी,
फीबी

*

हाय बर्क फार्म
गुरुवार, २२ ऑक्टोबर

फीबी,

आज गाडीनं दोन पाकिटं आणली. एक तुझं. दुसरं सात पानांचं, मिसेस आयडा क्रॅब्ट्रींकडून. माझ्या पाचांना सात. मला हरवणारी बाई या काउंटीत आहे, हे मला माहीत नव्हतं.

ती संतापलेली आहे, पण तुला वाटतं तशी नाही. पहिलं पान संपूर्ण तुझ्याबद्दल आहे. तिनं विचारलंय की तुमच्या भाचीला ऐकू येत नाही का? कारण तसं असेल तर मी मोठ्यानं बोलायला तयार आहे, माझ्या नवऱ्याशी शेवटची दहा वर्षं मी ओरडूनच बोलले. आणि ऐकू येत असेल तर ती स्वतःला कोण समजते?

दुसरं. तिला पार्किन आवडत नाही. कधीच आवडलं नव्हतं, छातीत जळजळतं. सगळं कोंबड्यांना जातं. हे बॅरक्लफना सांगू नये, असं तिनं दोनदा अधोरेखित केलंय. तूही सांगू नकोस. हे तुला कुणी विचारलेलं नाही, आणि या एका बाबतीत माझा जुना धडा बरोबर आहे.

तिसरं म्हणजे वकीलबाईंचं पत्र. ते तिला मंगळवारी मिळालं. तिनं ते वाचलं, मग पुन्हा वाचलं आणि किटलीखाली ठेवलं. तिचे शब्द तसेच उतरवते, कारण माझ्यानं सुधारणा होणार नाही: 'म्हातारा केक घेऊन येतो. आत्या पानंच्या पानं लिहिते. वकील कागद पाठवते. जिला माझ्या अंगणातून चालायचंय, ती तेवढी येत नाही. कायम हा मोठा शब्द आहे. तो टपालानं मागत नाहीत.'

ती हो म्हणेल, असं मी तुला सांगत नाही. तसं तिनं कुठंही लिहिलेलं नाही, आणि मी सातही पानं धुंडाळली. तिच्या नवऱ्यानं गिरणीवाल्यांशी त्या जमिनीच्या तुकड्यासाठी किती वर्षं झगडा केला, हेही तिनं लिहिलंय. ती ते सहजासहजी देणार नाही.

मी तुला केकबद्दल गप्प राहा म्हटलं, ते चुकलं. मग तुझ्याऐवजी मीच विचारलं, ते त्याहून चुकलं. लहानपणी तुझी बेरीज अडली की मी पेन्सिल ओढून घ्यायचे, तशातलाच प्रकार. पेन्सिल परत करते.

मी तिला उत्तर लिहितेय. आठ पानं व्हायला हवीत.

डोरा

*

क्रॅगशॉ
शनिवार, २४ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

तुझं पत्र सकाळी आलं. मिसेस लमचं ऑफिस शनिवारी दुपारपर्यंत उघडं असतं, म्हणून तशीच धावत गेले. विचारलं, आता मी मिसेस क्रॅब्ट्रींशी बोलले तर काही बिघडेल का?

"बिघडायला आता उरलंय काय?" त्या म्हणाल्या. "जा. फक्त दोन गोष्टी. स्वतः काही कबूल करून येऊ नका. आणि त्यांना सांगा की सही करण्याआधी त्यांनी स्वतःचा वकील गाठावा, ज्याचा तुमच्याशी काही संबंध नाही असा. त्याची फी तुम्ही द्याल."

"आणि तो वकील त्यांना सही करू नका म्हणाला तर?"

"तर त्यांना चांगला वकील मिळाला, असं समजायचं."

मी हे त्यांना सांगणार आहे. अगदी सुरुवातीलाच, चहा आला तर चहाच्या आधी. नंतर सांगितलं तर आधी गोड बोलून घेतल्यासारखं होईल.

काय बोलायचं तेही ठरवलंय. रात्री आरशासमोर म्हणून पाहिलं आणि हसू आलं, पण बदललं नाही. आधी 'गुड मॉर्निंग' म्हणेन, दोनदा, कारण दोन माझ्याकडे उधार आहेत. मला ऐकू येतं आणि मी उद्धटपणे वागले, हे सांगेन. का वागले तेही सांगेन, त्यांना ते मूर्खपणाचं वाटलं तरी. मग म्हणेन की मी एका वर्षासाठी विचारायला आलेले नाही. मी कायमचं मागतेय. माझ्यासाठी, आणि माझ्यानंतर त्या घरात जो येईल त्याच्यासाठी, मग तो तुम्हाला आवडो न आवडो. एकदा दिलंत की परत घेता येणार नाही. हे मागणं मोठं आहे हे मला कळतं, आणि तुम्ही नाही म्हणालात तर मी कारण विचारणार नाही.

त्या नाही म्हणाल्या, तर मी तिथून तशीच वर जाऊन मिस्टर बॅरक्लफना सांगेन की घर लीड्सच्या माणसाला द्या. मग खाली उतरताना मिसेस क्रॅब्ट्रींची परवानगी मागेन, तेवढ्या एका वेळेसाठी.

भीती वाटते. पण गेल्या तीन आठवड्यांत वाटत होती तशी नाही. तेव्हा मला सगळ्यांना चुकवायचं होतं, आता एकाच माणसासमोर उभं राहायचंय.

उद्या रविवार, त्या चर्चला जातात. सोमवारी त्यांच्या धुण्याचा दिवस, सगळ्या वाटेवर चादरी असतात आणि ओल्या हातांनी कुणी पुढच्या शंभर वर्षांचा निर्णय घेऊ नये. बुधवारी तो लीड्सचा माणूस येतो. मी दुकानातून अर्धी रजा घेतली आहे. तू त्यांना आठ पानं पाठवलीस तरी ती मंगळवारच्या गाडीनं निघतील आणि मी त्यांच्या आधी पोहोचेन. यावेळी कुणीही माझ्या आधी विचारलेलं नसेल.

मंगळवारी, सत्तावीस ऑक्टोबरला, मी त्यांचं दार वाजवणार आहे.

तुझी,
फीबी